शाईची छटा आणि फुगणारा कागद

प्रश्न : आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चिनी विद्यार्थ्यांसारखं पातळ शाईचं रेंडरिंग (ड्रॉइंगवर छटा भरणं) करायला गेलो तर कागद फुगतो, डाग पडतात. कुठे चुकतंय? – एक विद्यार्थी, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : बहुतेक कागद ताणलेला नाही. शाईच्या रेंडरिंगची ही पद्धत मूळची युरोपातली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात शिकलेले चिनी वास्तुविशारद लिआंग सचंग यांनी १९४६ साली बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात वास्तुकला विभाग सुरू केला, तिथेही ती रुजली.

कागद ताणायचा तो असा : ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद दोन्हीकडून ओला करा, फुगू द्या, मगच चारही कडा गम टेपने (ओली करून चिकटवायची कागदी पट्टी) बोर्डावर चिकटवा. बोर्ड आडवाच वाळवा. पेन्सिलचं ड्रॉइंग त्यानंतर, आणि खोडरबर जपून : घासलेली जागा शाई जास्त पिते, तिथेच काळा डाग उमटतो.

शाई गाळून इतकी पातळ करा, की पहिला हात जेमतेम दिसावा. बोर्ड किंचित तिरका ठेवून शाईच्या खालच्या कडेला साचणारी थेंबांची ओळ ब्रशने खाली ओढत न्या, शेवटचं पाणी कोरड्या ब्रशने टिपा. गडदपणा आठ-दहा हातांनी येतो. अर्धवट ओल्यावर पुढचा हात दिलात, तर फुलकोबीसारखे डाग ठरलेलेच! ठाण्याच्या पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो. हेअर ड्रायर मात्र नको.