पावणेसोळा तासांचा हिशेब

‘मुलगा परदेशात आहे, इकडे काही झाले तर तो वेळेत पोहोचेल का?’ हा प्रश्न साठी ओलांडलेल्या आईवडिलांकडून मी अनेकदा ऐकते. गोव्यातल्या फोंड्याच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने मात्र तो तिकीट समोर ठेवून विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

गेल्या पावसाळ्यात एका रात्री यजमानांच्या छातीत कळ आली. दुखणे पित्ताचे निघाले, पण बाईंची झोप उडाली ती उडालीच. एकुलता मुलगा सिंगापूरला. नातेवाईक धीर देत, ‘सिंगापूर म्हणजे काय, साडेपाच तासांचा तर प्रवास!’ बाईंनी पर्समधून मुलाच्या मागच्या खेपेच्या तिकिटाची प्रत काढली. पेन्सिलीने दोन ओळी अधोरेखित केल्या होत्या : सिंगापूरहून सायंकाळी 7 ला निघून रात्री 10 ला मुंबई, परतताना मुंबईहून रात्री 11.30 ला निघून सकाळी 7.30 ला सिंगापूर. “येताना तीन तास, जाताना आठ. मग साडेपाच कुठले? मला बरे वाटावे म्हणून सगळे खोटे सांगतात.”

सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते आणि तिकिटावर त्या त्या विमानतळाची स्थानिक वेळ छापलेली असते. त्यामुळे तिनात अडीच मिळवले काय किंवा आठातून अडीच वजा केले काय, उत्तर साडेपाचच येते. अंतर सुमारे 3,900 किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी 800 ते 900 किलोमीटर, हेही त्यांनी ताडून पाहिले. रेखांशाच्या मानाने ते घड्याळ जरा जास्तच पुढे आहे, ही शंका त्यांनीच काढली, आणि ती रास्त होती. 1982 च्या आरंभी सिंगापूरने आपली वेळ अर्ध्या तासाने पुढे नेली.

गणित सुटले, भीती मात्र तशीच राहिली. कारण साडेपाच तास हेदेखील अर्धेच सत्य होते, आणि माझ्या मते धीर देणाऱ्यांची चूक इथेच होते. मी कालनिर्णयचे जुने पान उलटे करून त्यांच्यापुढे ठेवले आणि दारापासून दारापर्यंतचा वेळ मांडायला सांगितले : घर ते चांगी विमानतळ अर्धा तास, तिथे अडीच, उड्डाण साडेपाच, मुंबईत इमिग्रेशन आणि पुढच्या विमानाची वाट धरून चार, गोव्याच्या मोपा विमानतळापर्यंत सव्वा, सामान घेऊन फोंड्याला पोहोचेपर्यंत दोन. बेरीज पावणेसोळा, तीही तिकीट लगेच मिळाले तर.

बाई बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे पहिल्या तासाला तो नाहीच.”

त्यानंतरच्या दोन भेटी आम्ही त्या पहिल्या तासालाच दिल्या. रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन कोणी करायचा, शेजारच्या गाडीवाल्या मुलाला रात्री उठवायला संकोच का वाटतो, बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) सोबत कुर्टीचा पुतण्या येईल का, औषधांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट कोणत्या पिशवीत असतील. संकोचावर सर्वाधिक वेळ गेला. त्या मुलाशी त्या स्वतः जाऊन बोलल्या, तेव्हा त्याने आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये सगळ्यात वर घातला.

मुलाशीही त्या मोकळेपणाने बोलल्या. पोहोचायला पावणेसोळा तास लागले तरी डॉक्टरांशी फोनवर बोलायला आपल्याला एक मिनिटही लागणार नाही, असे तो म्हणाला, आणि त्यांच्या कागदावर पहिल्या ओळीत त्याने स्वतःचे नाव घालून घेतले. तो कागद आता फ्रिजच्या दारावर आहे. मध्यरात्री जाग अजूनही येते, पण त्या उठून तो एकदा वाचतात आणि पुन्हा आडव्या होतात.