बॅग भरताना: मुंबईचा पाऊस

प्रश्न : जुलैत आईच्या तपासणीसाठी चार दिवस मुंबईला जायचे आहे. सोबत काय घ्यावे? (एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : जीन्स घरीच ठेवा. तिथल्या दमट हवेत ती दोन-दोन दिवस वाळत नाही, वर कुबट वास मारते. टेरिकॉटच्या दोन पँटी पुरतात. आईंना मागे पट्टा असलेली रबरी सँडल घ्या. चामडी चप्पल भिजली की उसवते. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पाण्यात पसरणाऱ्या तापाची) भीती असते.

बॅगेवरचे कव्हर पाठीकडून उघडे असते, पाणी तिथूनच शिरते. त्यापेक्षा बॅगेच्या आत मोठी प्लास्टिक पिशवी घालून कपडे भरा, तोंड पिळून दुमडा, रबर लावा. (खताच्या पोत्यातली नको, कितीही धुवा, वास जात नाही.) रिपोर्ट वेगळ्या पिशवीत. छत्री वाऱ्याने उलटते, रेनकोटच बरा.