आधी घंटा बघा

ऑटिझम (स्वमग्नता) असलेली मुलं आणि सरकारी शाळा या विषयावर बरीच पत्रं आली. त्यातल्या तिघांना इथं उत्तर देते.

प्रश्न : मी भुदरगड तालुक्यात केंद्रप्रमुख आहे. केंद्रात जिल्हा परिषदेच्या ११ शाळा. ऑटिझमचं प्रमाणपत्र असलेली तीन मुलं पटावर आहेत, आणखी दोघांबद्दल शिक्षकांना शंका आहे. तुम्ही कोल्हापुरात महापालिकेच्या शाळांसाठी चालवता तसा कार्यक्रम इकडे सुरू करायचा आहे. विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येतात, वेगळा निधी नाही. सुरुवात शिक्षकांच्या प्रशिक्षणानं करू का?

उत्तर : सर, प्रशिक्षणानं नको. मी केली होती, म्हणून सांगते. पहिल्या वर्षी दोन दिवस प्रोजेक्टर लावून बोलले. मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमच्या ११ मुलांविषयी काय लिहिलं, तेसुद्धा सांगितलं. शिक्षकांनी ते वहीत उतरवलं, सह्या केल्या, जेवून घरी गेले. सोमवारी वर्गात नेमकं काय वेगळं करायचं, हे मी सांगितलंच नव्हतं.

दुसरी चूक जास्त महागात पडली. आवाज कमी करणारे हेडफोन प्रत्येक शाळेला दोन-दोन दिले. तीन महिन्यांनी फेरी मारली तर सगळे कपाटात, कुलपात. एका मुख्याध्यापकांनी सरळ सांगितलं, "मॅडम, डेडस्टॉक रजिस्टरला चढवलंय. पोरानं मोडलं तर ऑडिटला उत्तर कोण देणार?" त्यांचं काय चुकलं? आता वस्तूबरोबर 'वापरात मोडली तरी चालेल' असं माझ्या सहीचं पत्र जातं.

तुम्ही ११ शाळा एकदम घेऊ नका. दोन घ्या. त्या शाळेत एक अख्खा दिवस मागच्या बाकावर बसा, परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत. वहीत दोनच गोष्टी लिहा : कुठले आवाज झाले आणि ठरलेलं काय बदललं. घंटा, स्पीकर, बाकं ओढणं, पोषण आहाराच्या ताटांचा खणखणाट. तुमच्याकडे पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस. आपल्याला ऐकूही येत नाही इतकं हे अंगवळणी पडलेलं असतं.

शहरातल्या एका शाळेत दुसरीतला एक मुलगा रोज फाटकाकडे पळायचा. शाळेची भीती बसलीय, असं सगळ्यांचं मत. शिपाईमामा एकटे म्हणाले, "बाई, घंटा मी दिली की पळतंय ते. मी रजेवर असलो की गप बसतंय." मामा तालमीतले. रुळाच्या तुकड्यावर त्यांचा टोल पडला की माझेही दात शिवशिवायचे. रजेच्या दिवशी चौथीतली पोरं हलक्या हातानं घंटा द्यायची. मामांनी हातोडीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आणि टोल द्यायच्या दोन मिनिटं आधी खिडकीशी येऊन हाताचा पंजा दाखवायला लागले. मुलगा अजूनही कान झाकतो, पण जागचा हलत नाही. ही हकिगत ऐकून दुसऱ्या एका शाळेनं आपल्याकडच्या तशा मुलालाच घंटेचं काम दिलं. त्या दिवशी मधली सुट्टी चारदा झाली. तेव्हा माझा उपाय जसाच्या तसा उचलू नका, पाहणी तेवढी उचला.

म्हणून माझा क्रम असा झालाय : आधी शिपाई, मग स्वयंपाकाच्या ताई, मग वर्गशिक्षक. प्रशिक्षण त्यानंतर, तेही दोन तासांचं आणि त्या वहीवरच. ताईंना मुद्दाम भेटा. काही मुलांना आमटी कालवलेला भात घशाखाली उतरत नाही. पोत बदलला की ओकारी येते. कालवायच्या आधी वाटीभर कोरडा भात बाजूला काढला की भागतं. त्याला लाड म्हणणारे भेटतील, म्हणू देत.

वर्गात दिवसाचा क्रम चित्रांत लावा. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर काढली तरी चालतील. एक तास संपला की ते चित्र मुलानं स्वतः काढून डब्यात टाकायचं. आणि शनिवार सांभाळा! सकाळची शाळा ही आमच्या मुलांची सगळ्यांत अवघड शाळा. वेळ वेगळी, क्रम वेगळा, सुट्टी लवकर. शनिवारची चित्रं शुक्रवारीच दाखवून ठेवा.

विशेष शिक्षिकेचा तो एक दिवस मुलाला कोपऱ्यात नेऊन शिकवण्यात घालवू नका. त्यांना वर्गशिक्षकाच्या शेजारी बसवा, उरलेले पाच दिवस वर्ग त्यालाच सांभाळायचा आहे. जास्त पदांची मागणी मात्र लेखी करा. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्राथमिकसाठी १० विशेष मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांसाठी १५ मागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण धरलं आहे. पत्रात हा आकडा घाला.

शंका असलेल्या दोन मुलांच्या नावापुढे हजेरीत काही लिहू नका. ऑटिझमचं निदान करणं शिक्षकाचं काम नाही. पालकांशी त्यांच्या विश्वासातल्या बाईंनी एकट्यानं बोलावं, पालकसभेत तर मुळीच नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात दाखवावं. तपासणीच्या भारतीय मापनश्रेणीत ४० मुद्दे असतात आणि ७० गुणांपासून पुढं ऑटिझम धरतात. प्रमाणपत्राची वाट बघत कोरडा भात मात्र थांबवू नका.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची, उचगावात राहतो. जवळच्या शाळेत म्हणतात, "आमच्याकडे सोय नाही, स्पेशल शाळेत घाला." काय करू?

उत्तर : ताई, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. १९९५ च्या कायद्यात नव्हता, त्यामुळे काही जुन्या शिक्षकांना ते ठाऊक नसतं. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. यातलं कुठलं, ते निवडायचा हक्क मुलीकडचा, म्हणजे तुमचा. मुख्याध्यापकांचा नाही. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पोच मागितली की निम्मे नकार तिथंच विरघळतात, हा माझा अनुभव. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. इथं पालक दारात उभी आहे आणि शाळा नको म्हणते!

अर्जाबरोबर वर्गशिक्षिकेसाठी एक पान लिहून न्या. मुलगी कशानं घाबरते, कशानं शांत होते आणि मुख्य म्हणजे शी-शूला जायचं असेल तर कसं सांगते. पहिल्या आठवड्यात शाळेचा धीर सुटतो तो गणितापायी नव्हे, ओल्या चड्डीपायी. सुरुवातीला दोनच तास बसवा आणि रडण्याआधी घरी न्या. विशेष शाळा वाईट असते असं मी म्हणत नाही. काही मुलांना तीच मानवते. ते दोन्हीकडे बघून तुम्ही ठरवा.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा आहे. स्वतःचं काही बोलत नाही, केएमटी बसच्या कंडक्टरचं "पुढं सरका, पुढं सरका" दिवसभर चालू असतं. हे मोबाइलमुळं झालं का? सून त्याला फार मोबाइल देते. – एक आजोबा, शिवाजी पेठ

उत्तर : आजोबा, ऑटिझम मोबाइलनं होत नाही आणि सुनेमुळं तर नाहीच. मोबाइल कमी करा, ते सगळ्याच पोरांसाठी बरं. नातवाला अजून दाखवलं नसेल तर या महिन्यातच डॉक्टरांकडे न्या. दरम्यान, तो हे वाक्य केव्हा म्हणतो ते चार दिवस टिपून ठेवा. ऐकलेली वाक्यं ही मुलं पुष्कळदा कामाला लावतात. बसमध्ये "पुढं सरका" झालं की गाडी हलते, हे त्यानं हेरलेलं असेल. माझा अंदाज, त्याला बाहेर जायचं असतं. तो तसं म्हणाला की "बाहेर जाऊ" एवढंच म्हणा आणि पायात चप्पल घाला.