धर्माची व्याख्या फळ्यावर शेवटी लिहा

सर, तुमचा प्रश्न असा, की बी.ए.च्या पहिल्या वर्षाला धर्माचा अभ्यास सुरू कसा करावा. व्याख्या लिहिली की वर्ग गप्प होतो, आणि एका पालकाने तर फोन करून ‘आमच्या देवाबद्दल काय शिकवता?’ असं विचारलं. अमरावती जिल्ह्यात मी बरीच वर्षं समाजशास्त्र शिकवलं, त्यावरून सांगतो.

व्याख्या पहिल्या दिवशी नकोच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १९१२ साली पवित्र आणि लौकिक (म्हणजे रोजच्या व्यवहारातलं) हा भेद मांडला. मुलं तो लगेच पाठ करतात, पण कळतो तो काही पाहून आल्यावरच.

तुमचं कॉलेज मोर्शीजवळ आहे म्हणता, म्हणजे रिद्धपूर हाताशीच आहे. तिथून सुरुवात करा. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी आणि त्यांचे गुरू गोविंदप्रभू जिथे बसले, उभे राहिले, त्या जागांवर ओटे आहेत आणि पंथाचे लोक त्यांना वंदन करतात. मूर्ती नसतानाही जागा पूज्य कशी होते, हे मुलांना समोर दिसतं. मग लीळाचरित्राकडे, म्हणजे चक्रधरस्वामींच्या चरित्राकडे या. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी माणसामाणसाला विचारून स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. एकाच प्रसंगाची आठवण दोघांची वेगळी असेल, तर तसंही नोंदलेलं सापडतं. मुलांना त्याच रीतीने वही करायला लावा: कोण आलं, काय केलं, बायका कुठे बसल्या, कोणाला आत जाता आलं नाही, विचारल्यावर काय सांगितलं. पाहिलेलं एका बाजूला, ऐकलेलं दुसऱ्या बाजूला. मला विचाराल तर सगळा विषय या दोन बाजूंत आहे.

‘सर, पण हे खरं हाये का?’ हा प्रश्न येणारच. मुलांना सांगा, की तो प्रश्न मोठा आहे आणि तुमचा तुम्ही शोधा. इथे आपण हे खरं मानणारी माणसं त्या मानण्यामुळे कशी जगतात ते पाहतो. भाविक आणि नास्तिक दोघांनाही इथे जागा आहे.

जुनं तेवढंच धर्म, असा समज होऊ देऊ नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. तुमच्या वर्गात कुणाचे आजोबा तिथे असतील. घरातलं आधी काय सुटलं, काय राहिलं, हे ज्याला सांगायचं असेल त्याने सांगावं. कुणालाही स्वतःच्या जातीचा किंवा धर्माचा प्रतिनिधी म्हणून उभं करू नका. यावर मी फार काटेकोर आहे.

गोंड मुलांसाठी जनगणनेचा तक्ता आणा. सहा धर्मांची नावं आहेत, बाकी सगळे ‘इतर’. रकाने ठरवतं कोण, यावर तास कमी पडेल.

पालकांना शांतपणे सांगा: राज्यघटनेचा अनुच्छेद २८ पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देऊ देत नाही; धर्मांविषयी शिकवायला त्याची आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलंय. शिवाय त्यांना एक दिवस वर्गात येऊन बसू द्या.

रिद्धपूर पहिल्या सत्रात करा. गोंदिया जिल्ह्यातली गोंडांची कचारगडची यात्रा माघी पौर्णिमेच्या सुमारास भरते, म्हणजे दुसऱ्या सत्रात. तिच्यासाठी प्राचार्यांची परवानगी डिसेंबरातच मागून ठेवा, नंतर परीक्षांची गडबड सुरू होते.