ती वही कंटेनरमध्ये टाकू नकोस

बाई गं,

तुझा निरोप काल रात्री दोनदा ऐकला. मिस्टरांची बदली न्यू जर्सीला झाली, जूनमध्ये निघायचं, लेक नववी संपवून इथे दहावीत बसणार. आणि तुमच्या त्या कन्सल्टंटनं सांगितलं की मुलीचे मार्क चांगले आहेत पण ‘लीडरशिप’ कमी पडते, तर निघायच्या आधी एक एनजीओ रजिस्टर करून टाका, मोठ्या विद्यापीठांना तेच लागतं. तू विचारलंस, “ताई, काढू का?”

नको काढूस. एवढंच उत्तर द्यायचं तर दोन शब्दांत झालं असतं, पण तुझा प्रश्न ऐकून मला झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसले. व्हिसा, एसएटीची प्रवेशपरीक्षा, अर्जाच्या तारखा हे सगळं ज्याच्या त्याच्या साइटवर नीट लिहिलेलं आहे, ते मी सांगत बसत नाही.

आम्ही नागपूरच्या धरमपेठेतून इथे आलो २०१५ च्या जुलैत. मुलगा दहावी होऊन आलेला, धाकटी सात वर्षांची. मुलाला थेट अकरावीत घेतलं. कागदपत्रांचं सांगते, कारण ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. शाळेतल्या समुपदेशकांनी त्याची गुणपत्रिका पाहिली. गणितात ७८. आपल्याकडे त्या वर्गात ७८ म्हणजे पहिल्या पाचात होता तो. इथे ७८ म्हणजे सी प्लस. त्यांनी त्याला खालच्या गणितात बसवलं, आणि त्यामुळे बारावीपर्यंत कॅल्क्युलसला पोहोचायची वाटच बंद झाली. मी तीनदा जाऊन भेटले. माझं इंग्रजी तेव्हा असं की घरून पाठ करून जायचे आणि समोर बसल्यावर अर्धं विसरायचे. कोणी वाईट वागलं नाही, कोणी ऐकलंही नाही.

तेव्हा तू एवढं कर. शाळेच्या लेटरहेडवर एक पत्र घे, त्यात गुण देण्याची पद्धत, वर्गात सर्वांत जास्त किती आणि साधारण किती पडतात, हे लिहून शिक्का मारून घे. प्रत्येक विषयाचे आठवड्याला किती तास होतात तेही. टीसी तर लागेलच, पण इथे तिच्यावर कोणाचं काही अडत नाही, या पत्रावर अडतं. नववीच्या गुणपत्रिकेच्या तीन-चार प्रती सीलबंद पाकिटात घे. नववी काय, शाळेतलीच परीक्षा, असं आपण म्हणतो. इथे हायस्कूल नववीपासून मोजतात, तिचं ते वर्ष अर्जात जाणारच. लसींचं पुस्तक हाताशी ठेव. बास, कागदांचं एवढंच.

आता लीडरशिप. हा शब्द आपल्याकडे आला आणि आपण त्याचं पद करून टाकलं. हेडगर्ल, हाउस कॅप्टन, अध्यक्ष, संस्थापक. माझ्याही डोक्यात तेच होतं.

अर्ज कसा असतो ते बघ. बहुतेक विद्यापीठं कॉमन ॲप वापरतात, म्हणजे सगळ्यांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज. त्यात दहा उपक्रम लिहायची जागा. पदाचं नाव ५० अक्षरांत, संस्थेचं १०० अक्षरांत, आणि काय केलं ते १५० अक्षरांत, स्पेस धरून. दीडशे अक्षरं म्हणजे तू मला जो पहिला मेसेज टाकलास ना, “ताई वेळ आहे का बोलायला”, तसे सहा मेसेज. पुढे आठवड्याला किती तास, वर्षात किती आठवडे, आणि कोणकोणत्या इयत्तेत, असं विचारतात. हे शेवटचे रकानेच सगळं सांगून जातात. निघायच्या तोंडावर काढलेल्या एनजीओसमोर तिथे काय लिहिणार? एमआयटीचा अर्ज वेगळा, तिथे तर चारच उपक्रम. कॅलिफोर्निया विद्यापीठाचाही वेगळा. त्यांचे आठ प्रश्न असतात, त्यातले चार सोडवायचे. पहिलाच लीडरशिपचा आहे, आणि तो विचारतो की तू दुसऱ्यांवर चांगला परिणाम कसा केलास, भांडण मिटवायला मदत केलीस का, एखाद्या गटाच्या कामाला बराच काळ हातभार लावलास का. पदाचं नाव त्यात कुठेच नाही. भांडण मिटवणं आहे! आपल्या मोहल्ल्यातली निम्मी पोट्टी यात पास होतील.

हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभरातले पाचही घेत नाहीत. तिथे ‘संस्थापक-अध्यक्ष’ हे शब्द वाचून वाचून त्यांचे डोळे दमलेले असतात.

मला हे सगळं उशिरा कळलं. आमचं काय झालं ते सांगते, आणि हे मी इथे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मुलाचं हायस्कूल दुपारी दोनला सुटायचं. धाकटीची बस साडेतीनला कोपऱ्यावर यायची, आणि घ्यायला कोणी नसेल तर ड्रायव्हर एवढ्याशा पोरीला उतरवायचा नाही. हे ऑफिसात, आणि मी तेव्हा दुपारी कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगचे वर्ग धरले होते. मग तो थांबायचा. रोज. बर्फात, पावसात. तिला घरी आणून खाऊ घालायचा, तिचा गृहपाठ घ्यायचा. तिला इंग्रजी येत नव्हतं, वर्गात ती तोंडच उघडत नव्हती. यानं तिच्यासाठी कार्डं केली होती. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि खाली बॉलपेनानं चित्र. ‘मला बाथरूमला जायचंय’ हे पहिलं कार्ड. इन्शुरन्सवाल्यांचे, डॉक्टरांचे, घरमालकाचे फोनही तोच करायचा. त्याचा आवाज तेव्हा नुकता फुटला होता, फोनवर मोठा माणूस वाटायचा.

आणि शाळेतले सगळे क्लब भरतात ते नेमके दोन ते साडेतीन. रोबोटिक्स, डिबेट, सगळं. त्यानं कधी तक्रार केली नाही, आणि माझ्या कधी लक्षात आलं नाही.

२०१६ च्या डिसेंबरात जेवणाच्या टेबलावर तो अर्ज भरत होता. उपक्रमाचा प्रकार निवडायच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असा पर्याय असतो, अजूनही आहे. त्यानं तो निवडला, आठवड्याला पंधरा तास असं लिहिलं आणि खाली बहिणीचं लिहिलं. मी मागे उभी होते. म्हटलं, “हे काय लिहितोस? घरात आईबाप नाहीत असं वाटेल. काढ ते.” त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. बॅकस्पेस दाबून धरलं आणि ती ओळ मागे मागे जात पुसली गेली.

तिच्या जागी आम्ही ‘संस्थापक’ लिहिलं. विदर्भातल्या शाळांसाठी जुने लॅपटॉप गोळा करायचे, अशी मीच काढलेली कल्पना होती, वेबसाइट ह्यांच्या मित्रानं करून दिली. नऊ लॅपटॉप जमले. त्यातले चार मी नागपूरला जाताना बॅगेतून नेले आणि महालात भावाच्या घरी ठेवले. दोनांना चार्जर नव्हते. ते आजही त्याच्या कपाटावर एका खोक्यात आहेत.

फेब्रुवारीत एका विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यानं मुलाखत घेतली, कॉफीच्या दुकानात. वयस्कर, सभ्य गृहस्थ. मी बाहेर गाडीत. अर्ध्या तासानं हा आला, पट्टा लावला आणि म्हणाला, “आई, त्यांनी विचारलं, लॅपटॉप आता कुठे आहेत.” मी विचारलं, तू काय सांगितलंस? “मला माहीत नाही असं सांगितलं.” घरापर्यंत आम्ही बोललो नाही.

कुठे झालं, कुठे नाही, ते सोड. तो राज्याच्या विद्यापीठात शिकला, चांगला आहे, नोकरी करतो. पण पुढे दोन वर्षांनी मी एक अहवाल वाचला. हार्वर्डच्या शिक्षण विभागातल्या एका प्रकल्पानं काढलेला, आणि अनेक विद्यापीठांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी त्याला पाठिंबा दिलेला. त्यात स्वच्छ म्हटलंय की मुलं घरासाठी जे करतात, भावंडांना सांभाळणं, घरच्या कामाला हातभार लावणं, ते अर्जात सांगायची वाट मोकळी करा आणि त्याला मोल द्या. उपक्रमांची संख्या बघू नका. तो जानेवारी २०१६ चा आहे. आम्ही ती ओळ पुसली त्याच्या अकरा महिने आधीचा.

आता तुझ्या लेकीचं. निरोपाच्या अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, “बाकी ती पुस्तकांचं तिचं काहीतरी चालू असतं दर जूनमध्ये.” बाई, तेच तर आहे! २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी तुमच्या लेआउटमध्ये तळमजल्यांत शिरलं, तेव्हा ती सातवीत होती. कोणाची कोणती पुस्तकं भिजली याची घरोघरी फिरून तिनं वहीत यादी केली आणि वरच्या मजल्यांवरच्या मुलांकडून जुनी मागून आणून दिली. आणि दुसऱ्या वर्षी पूर नसतानाही शाळा उघडायच्या आधी परत केलं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे त्या आधी मे-जूनच्या पंचेचाळीस डिग्रीत ही पोरगी जिने चढत होती.

यात भर घालायची तर अशी घाल. जे अडलं ते तिला लिहून ठेवू दे. सीबीएसईची सहावीची पुस्तकं २०२४ ला बदलली, मग गोळा केलेल्या जुन्यांचं तिनं काय केलं? रद्दीवाल्याला कोण नाही म्हणालं? किती पुस्तकं आली, किती गेली, किती परत आली, खरे आकडे, चाळीस असतील तर चाळीस. आणि सगळ्यात मोठं काम या दोन महिन्यांतलं आहे. ती निघाली की हे कोण करणार? गल्लीतली कोणी सातवी-आठवीतली मुलगी शोधून तिला या वेळी सोबत फिरवायचं, वही कशी ठेवायची ते शिकवायचं. आपण नसताना काम चालू राहिलं तर त्याहून वेगळी लीडरशिप मला माहीत नाही. इथून ती फोनवर विचारत राहील, तेही मोजलं जातं. ज्या बाईंनी हे डोळ्यांनी पाहिलंय, वर्गशिक्षिका असोत की ग्रंथपाल, त्यांच्याकडून एक साधं पत्र घे. इथला समुपदेशक शेकडो मुलं सांभाळतो. तिला तो नव्यानं बघणार आणि दोन वर्षांनी तिच्यावर शिफारस लिहिणार, त्याच्या हातात काहीतरी हवं.

इथे आल्यावरचं थोडं. क्लबांची पदं बहुतेक आदल्या वसंतातच वाटून झालेली असतात, तुम्ही याल तेव्हा काही उरलेलं नसेल. तिला रडू येईल. एकच क्लब धरू दे, आणि त्यात जे काम कोणाला नको असतं, हिशेब, खोली आवरणं, नव्या मुलांना फोन करणं, ते घेऊ दे. मिस्टरांचा कंपनीच्या बदलीवरचा एल-१ व्हिसा असेल तर तिचा कुटुंबीयांसाठीचा एल-२, त्यावर तिला पगाराचं काम करता येत नाही. मैत्रिणी आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी करतील, हिला नाही म्हणावं लागेल, हे आधीच सांगून ठेव. सरकारी प्रयोगशाळांचे उन्हाळी कार्यक्रमही बऱ्याचदा नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच असतात. हजारो डॉलर घेऊन विद्यापीठाच्या आवारात महिनाभर ठेवतात त्या शिबिरांना पैसे घालू नकोस, तिथे जाऊन आलं म्हणून त्या विद्यापीठात कोणी घेत नाही. पैशांचं म्हणशील तर इथल्या केंद्र सरकारची शिक्षणमदत या व्हिसावर मिळत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट अशा मोजक्या ठिकाणी परदेशी मुलांच्याही बाबतीत ऐपत न बघता प्रवेश ठरवतात. बाकी बऱ्याच ठिकाणी मदत मागितली की तेही तोलतात.

एकटं वाटतं का, असं विचारलंस. वाटतं. पहिला हिवाळा जाऊ दे, मग कामं इतकी असतात की सुचत नाही.

आणि बघ, ती घरात जे करते तेही लिहू दे. तुझ्या सासूबाईंना इन्शुलिन तीच देते ना रोज? ते पुसायला लावू नकोस.

ती वही कंटेनरमध्ये जाऊ देऊ नकोस, कंटेनर यायला दीड-दोन महिने लागतात आणि आमची दोन खोकी आलीच नव्हती. तिच्या पाठीवरच्या बॅगेत ठेव. आधी पानांचे फोटो काढून मला पाठव.

मुलाला काल रात्रीच विचारलं, तिच्याशी बोलशील का. हो म्हणाला, शनिवारी तुमच्या सकाळी नऊला फोन करेल. फक्त तेव्हा मी खोलीत नसावं असं म्हणाला. मी नसेन.

तुझी ताई