मसुद्यात मुद्दा कुठे आहे?

प्रश्न : गृहपाठ बंद करावा, असं मांडणारा सात परिच्छेदांचा निबंध लिहिला आहे. वाक्यं पुन्हा पुन्हा घासूनपुसून नीट केली, तरी वाचणारे विचारतात, ‘नक्की म्हणायचंय काय?’ आता काय दुरुस्त करू? मसुदा सोबत आहे.

उत्तर : वाक्यांना तूर्त हात लावू नका, ती चांगली आहेत. मांडणी विस्कटली आहे, आणि ती शब्द बदलून सावरत नाही.

कोऱ्या कागदावर प्रत्येक परिच्छेदाचं म्हणणं एकेका ओळीत लिहा. ‘गृहपाठाविषयी’ असं मोघम नको, ठाम विधान हवं. तुमच्या मसुद्याचं मी तसं करून पाहिलं. दुसऱ्या आणि पाचव्या परिच्छेदाची ओळ एकच निघाली : मुलं दमतात. तिसऱ्याची लिहिताच येईना, त्यात तीन विषय कोंबलेत. आणि सहाव्यात तुम्ही ओझरतं लिहून गेलात, की घरची मोठी माणसं गणितं सोडवून देतात, वही बिनचूक जाते आणि मूल कुठे अडलंय हे बाईंना कळतच नाही. अहो, हाच तुमचा मुद्दा! मुलं दमतात हे कुणीही म्हणेल. हे तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे. लिहिता लिहिताच आपला विचार पक्का होतो, म्हणून खरा मुद्दा बरेचदा असा उशिरा उगवतो. तो सुरुवातीला आणा.

मात्र तो वर आला की निष्कर्षही हलेल. अडचण लपते, एवढ्यावरून ‘गृहपाठ बंद करा’ असं निघत नाही. ‘सराव वर्गात, बाईंच्या डोळ्यांसमोर करून घ्या’ असं निघतं. निष्कर्ष बदलू द्या. दमणूकही मग कामी येईल : दमलेलं मूल रडकुंडीला येतं, म्हणून मोठी माणसं पेन्सिल हातात घेतात. दोन परिच्छेदांचा एक करा.

‘सरावाशिवाय गणित येत नाही’ हा आक्षेप तुम्ही शेवटी एका वाक्यात उडवलाय. वाचकाच्या मनात तो मुद्दा वाचताक्षणीच येणार, तेव्हा उत्तर तिथेच आणि सविस्तर द्या.

शिक्षणाच्या इतिहासाचा पहिला परिच्छेद काढा. त्यामागची मेहनत दिसते, पण पुढचं काहीच त्यावर उभं नाही. दुसऱ्या फाइलमध्ये जपून ठेवा.

शुद्धलेखन यानंतर. नवा मसुदा जरूर पाठवा, मला वाचायचाय.