वाचकांचे प्रश्न : साराचं गाव

मागच्या अंकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सँत-मारी-द-ला-मेर या गावाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. ऱ्होन नदी समुद्राला मिळते तिथल्या कामार्ग नावाच्या खाजणात हे गाव आहे, मे महिन्यात तिथे रोमा म्हणजे जिप्सी लोकांची मोठी जत्रा भरते, एवढंच त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्याच गावाला देते आहे.

माझी मुलगी मार्सेयला शिकते. तिने पाठवलेल्या व्हिडिओत एका काळ्या बाईची मूर्ती खांद्यावर घेऊन लोक समुद्रात उतरताना दिसतात, बाजूला पांढरे घोडे आहेत. खाली लिहिलंय, ‘ही आपली कालीमाता, जिप्सींनी भारतातून नेलेली.’ घरात यावरून वाद झाला. खरं काय? आणि हे विसर्जनच का?
*– एक वाचक, चिपळूण*

ती सारा. रोमा लोक तिला ‘सारा ए काली’ म्हणतात. गावातल्या चर्चच्या तळघरात तिचा पुतळा आहे. पायऱ्या उतरून खाली गेलं की आधी मेणबत्त्यांची धग अंगावर येते. शेकडो मेणबत्त्या एका वेळी जळत असतात, छत काजळीनं काळं झालंय आणि हवा इतकी जड असते की फार वेळ उभं राहवत नाही. नवस फेडायला आलेले लोक साराला नवा झगा चढवतात, तोही आधीच्या झग्यावरच. जत्रेच्या दिवसांत जरीचे, मखमलीचे इतके झगे तिच्या अंगावर असतात की वर फक्त छोटासा काळा चेहरा दिसतो. बायका तो चेहरा हातांनी कुरवाळतात, मग तेच हात आपल्या लेकरांच्या गालांवरून फिरवतात. आजारी माणसांचे फोटो शेजारी ठेवलेले असतात. मी वसईची, चर्चच्या अंगणात वाढलेली. नवस-सायास मला नवे नाहीत. तरी त्या तळघरात माझे डोळे भरून आले.

आता तुमच्या घरातला वाद. रोमा लोक मूळचे भारतातले, यात शंका नाही. हजार ते दीड हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज वायव्य भारतातून बाहेर पडले, हे आधी भाषेनं सिद्ध केलं आणि अलीकडे जनुकांच्या अभ्यासानंही. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’, कानाला ‘कान’ म्हणतात. दहापर्यंत आकडे मोजताना सात, आठ, नऊ मात्र ग्रीक येतात, कारण वाटेत ग्रीक मुलखात त्यांच्या पिढ्या गेल्या. फ्रान्समध्ये त्यांची पहिली लेखी नोंद १४१९ ची आहे.

मूर्ती मात्र त्यांनी बरोबर आणलेली नाही. ‘काली’ म्हणजे त्यांच्या भाषेत ‘काळी’, काळ्या रंगाची बाई. त्या शब्दावरून देवी कालीपर्यंत उडी मारायला कागदोपत्री काही आधार नाही. साराचं नाव या गावाच्या कथेत सापडतं ते १५२१ सालच्या एका लिखाणात, आणि तिथे ती ख्रिस्ती कथेतलीच बाई आहे. गावोगाव फिरून भिक्षा मागते आणि ज्यांच्यावरून गावाला नाव पडलं त्या दोन मरियांना पोसते (त्यांची गोष्ट पुढच्या उत्तरात). घर नसलेल्या, दारोदार फिरणाऱ्या माणसांना ती आपली वाटली, यात मला काहीच नवल वाटत नाही. दुसऱ्या एका कथेत सारा त्या किनाऱ्यावरच्याच एका टोळीची प्रमुख आहे. समुद्रातून येणाऱ्या मरियांची होडी बुडू लागली तेव्हा एका मरियेनं आपली शाल लाटांवर पसरली आणि सारा त्या शालीवरून चालत त्यांच्या मदतीला गेली. रोमा लोकांना ही कथा जास्त प्रिय आहे. तिच्यात सारा दासी नाही, यजमानीण आहे. कॅथलिक चर्चनं साराला अधिकृतपणे संतपद दिलेलं नाही. लोकांनी दिलंय.

म्हणून माझी विनंती आहे की ‘ही आपलीच’ म्हणून तिच्यावर हक्क सांगू नये. नातं शोधायचं तर त्या माणसांशी शोधावं, ते खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारनं याच कामार्गमध्ये, आर्ल शहराजवळ सालिए इथे रोमा लोकांसाठी छावणी उघडली. १९४२ ते १९४४ या काळात सुमारे सातशे माणसं तिथे डांबली, लेकराबाळांसकट. बाहेरून बघणाऱ्याला सुंदर खेडं वाटावं म्हणून त्या छावणीतल्या झोपड्या कामार्गच्या गुराख्यांच्या घरांसारख्या शाकारून बांधल्या होत्या. आत भूक आणि रोगराई. तिथे स्मारक उभं राहायला २००६ साल उजाडलं. आपल्याकडे हा इतिहास कुणी शिकवत नाही, आणि साराला कालीमाता म्हणणाऱ्या व्हिडिओंमध्ये त्याचा एक शब्दही नसतो. याची मला खरोखर खंत वाटते. भारतानं या नात्याकडे अगदीच पाठ फिरवली असंही नाही. वीर राजेंद्र ऋषी या भारतीय राजनैतिक अधिकाऱ्यानं रोमा भाषेच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलं आणि चंदीगडला त्यासाठी संस्था काढली. १९७१ साली लंडनला रोमांची पहिली जागतिक परिषद झाली. तिथे त्यांचा जो ध्वज ठरला, त्यावर निळ्या-हिरव्या पट्ट्यांच्या मध्ये सोळा आऱ्यांचं लाल चक्र आहे.

आणि विसर्जन नव्हे. २४ मे रोजी साराला पाण्यापर्यंत नेतात, वाहणारे लोक पाण्यात शिरतात, घोडे पोटापर्यंत भिजतात, प्रार्थना होते, आणि तिला पुन्हा वाजतगाजत तळघरात आणून ठेवतात. त्या घोड्यांवर कामार्गचे गुराखी असतात, हातात त्यांचा त्रिशूळ. रोजच्या कामात काळे बैल हाकायला ते तोच वापरतात. साराची ही मिरवणूक फार जुनी नाही. फोल्को द बारोंचेली हा तिथला कवी आणि बैलांचे कळप पाळणारा जमीनदार रोमा लोकांचा मोठा पाठीराखा होता. त्यानं खटपट केली, तेव्हा १९३५ मध्ये तिला परवानगी मिळाली. त्याआधी समुद्रावर जायचा मान फक्त दोन मरियांचा. त्यांची मिरवणूक आजही दुसऱ्या दिवशी, २५ मे रोजी निघते.

या दोन मरिया कोण? त्या खरंच पॅलेस्टाइनहून फ्रान्सला आल्या होत्या का?
*– एक वाचक, कोल्हापूर*

बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या पुनरुत्थानाच्या पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन त्याच्या कबरीकडे जाणाऱ्या तीन बायका आहेत : मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. प्रोव्हान्सची, म्हणजे फ्रान्सच्या या दक्षिण प्रांताची, आख्यायिका तिथून पुढे सुरू होते. ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाल्यावर या तिघींना, येशूनं मेलेल्यातून उठवलेला लाजर, त्याची बहीण मार्था आणि इतर काही जणांसह एका होडीत बसवून समुद्रात सोडून दिलं. शीड नाही, वल्हं नाही. होडी वाहत वाहत कामार्गच्या किनाऱ्याला लागली. मग मंडळी पांगली. लाजर मार्सेयला गेला आणि तिथला पहिला बिशप झाला. मार्था तारास्कोंला गेली, तिथे तिनं नदीतल्या तारास्क नावाच्या राक्षसी प्राण्याला वश करून आपल्या कमरपट्ट्यानं बांधून आणलं. मग्दालीया सँत-बोमच्या डोंगरातल्या गुहेत तपाला बसली. वयस्कर दोघी, याकोबाची आई आणि सलोमे, किनाऱ्यावरच राहिल्या. त्यांच्याबरोबर सारा.

इतिहास म्हणून विचाराल तर पहिल्या हजार वर्षांत या होडीचा कुठे उल्लेख नाही. कथेला आकार आला तो अकराव्या-बाराव्या शतकात, जेव्हा फ्रान्समधली चर्चं संतांच्या अस्थींसाठी एकमेकांशी चढाओढ करत होती. १२७९ साली सँ-माक्सिमँ इथे मग्दालीयेच्या अस्थी सापडल्याचं जाहीर झालं, तेही आंजू घराण्याच्या राजपुत्राच्या पुढाकारानं. १४४८ मध्ये त्याच नावाच्या घराण्यातला राजा रने, प्रोव्हान्सचा सरदार, यानं आमच्या या गावातल्या चर्चची जमीन खणवली. हाडं मिळाली, ती दोन मरियांची ठरली, आणि रंगवलेल्या पेटीत घालून चर्चच्या वरच्या माळ्यावरच्या प्रार्थनालयात ठेवली गेली. यात्रेकरू वाढले, राजाचा मान वाढला. खेड्याचं आजचं नाव तर १८३८ चं आहे. त्याआधी ते ‘समुद्राची माता’ होतं, तिथे एकच मरिया होती, येशूची आई.

हे सगळं ठाऊक असूनही मी २४ मेच्या दुपारी त्या चर्चमध्ये इतरांबरोबर मान वर करून उभी होते. दोराला जागोजागी फुलांचे गुच्छ बांधलेले असतात. कप्पी फिरते आणि पेट्या वरच्या खिडकीतून हळूहळू खाली उतरू लागतात. खाली पेटत्या मेणबत्त्या धरलेले हात उंच झालेले. कुणीतरी ओरडतं, “संत मरियांचा विजय असो!” लगेच दुसरीकडून “संत सारेचा विजय असो!” पेटी हाताच्या टप्प्यात आली की बाप आपल्या पोरांना खांद्यावर घेऊन तिला शिवायला लावतात. वांद्र्याच्या मोतमाउलीची मूर्ती कोळ्यांना समुद्रात सापडली, ही आख्यायिका आमच्या आजीनं आम्हाला सांगितली आणि आम्ही ती पुढे सांगतो. समुद्रातून आलेल्यावर किनाऱ्याची माणसं पटकन जीव लावतात. समुद्र नेतो तेवढंच बहुधा त्यांना माहीत असतं, म्हणून त्यानं काही आणून दिलं की त्याचं त्यांना अपार वाटतं.

फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९४ मध्ये, त्या पेट्या जाळल्या गेल्या. अस्थी तिथल्या धर्मगुरूनं आधीच लपवल्या होत्या, त्यामुळे वाचल्या. आताच्या पेट्या नंतरच्या.

फोटोत चर्च किल्ल्यासारखं का दिसतं?
*– एक वाचक, नाशिक*

कारण तो किल्लाच होता. भोवताली सगळी सपाटी, मिठागरं आणि दलदल, लपायला एक टेकाड नाही. समुद्रावरून सारासेन म्हणजे मुस्लिम चाचे सतत यायचे. ८६९ मध्ये आर्लचा आर्चबिशप रोलां कामार्गमध्ये तटबंदी उभारत असताना त्यांच्या हाती सापडला. खंडणी ठरली : दीडशे पौंड चांदी, दीडशे झगे, दीडशे तलवारी आणि दीडशे गुलाम. ती पोचायच्या आत तो कैदेतच मेला. चाच्यांनी काय केलं, तर प्रेताला त्याचे धर्मगुरूचे कपडे चढवले, खुर्चीत बसवलं आणि खंडणी घेऊन तसंच किनाऱ्यावर आणून सोडलं. लोक अभिनंदन करायला पुढे आले तेव्हा त्यांना कळलं. ही दंतकथा नाही, त्या काळच्या बखरीतली नोंद आहे.

आज दिसणारं चर्च त्यानंतरचं, मुख्यतः बाराव्या शतकातलं. भिंतींना खिडक्या जवळजवळ नाहीतच, छपरावर पहारेकऱ्यांची वाट आणि तटाला असतात तसे दाते. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, वेढा पडला तर अख्ख्या गावानं आत राहावं म्हणून. छपरावर आता कुणालाही जाता येतं. जरूर जा.

व्हॅन गॉगची होड्यांची चित्रं इथलीच का? त्या होड्या वाळूवर का ओढलेल्या आहेत?
*– एक वाचक, मालवण*

इथल्याच. १८८८ च्या मेअखेरीस तो आर्लहून घोडागाडीनं आला आणि जूनच्या सुरुवातीला परतला. गावाला तेव्हा बंदर नव्हतं, मासेमारी करून आले की होड्या वाळूवर ओढून ठेवायचे. भल्या सकाळी त्या समुद्रात जायच्या, म्हणून त्यानं त्या किनाऱ्यावर भरभर रेखाटून घेतल्या आणि रंगवल्या आर्लला जाऊन. समुद्राचं एक चित्र मात्र त्यानं किनाऱ्यावरच रंगवलं. त्याच्या रंगांत अडकलेले वाळूचे कण अभ्यासकांना सापडले आहेत. भावाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की या समुद्राला बांगड्याचा रंग आहे. हिरवा की जांभळा की निळा, सांगता येत नाही, क्षणात गुलाबी, क्षणात करडा. ताजा बांगडा उन्हात तिरका धरून बघितलेल्या मालवणकराला हे वेगळं समजावायला नको.

ती वाळू आता तशी नाही. समुद्र गावाकडे सरकतो आहे. पूर्वी चर्चपासून बराच लांब असलेला किनारा आता काहीशे मीटरवर आलाय, आणि गाव वाचवायला मोठमोठ्या दगडांचे बांध घातले आहेत.

मे महिन्यात जायचं असेल तर काय करावं?
*– एक वाचक, पुणे*

मार्सेयहून आर्लला रेल्वे, तिथून बस. दोन्ही साधारण तासाभराचे प्रवास. २४ च्या दुपारी पेट्या उतरवतात, त्यानंतर साराची मिरवणूक. २५ ला सकाळी मिस्सा आणि मग दोन्ही मरिया होडीत उभ्या, समुद्राला आशीर्वाद. गावची वस्ती जेमतेम अडीच हजारांची, त्यामुळे राहायची सोय गावात मिळणार नाही असं धरून आर्लमध्येच बघा. डास भयंकर.

एक आवर्जून सांगते. देशोदेशींचे रोमा इथे आपल्या गाड्या-तंबूंसह येतात, मुलांचे बाप्तिस्मे करतात, वर्षभरानं नातेवाईक भेटतात. विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नका, तळघरात तर नाहीच. मी ओळख करून घेताना भारतातून आले म्हटलं, तेव्हा एका म्हातारीनं माझा हात बराच वेळ सोडला नाही, आणि तिच्या सुनेनं कॉफी आणली. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्येच झालं, कारण दक्षिण फ्रान्समधले बरेच जितान (तिथल्या रोमांना असं म्हणतात) लोक आता रोमा भाषा बोलत नाहीत.

गर्दी नको असेल तर ऑक्टोबरात जा. २२ तारखेच्या जवळच्या रविवारी मरियांची मिरवणूक पुन्हा निघते, गावकरी जास्त आणि पाहुणे कमी. तेव्हा खाजणात रोहित पक्षीही बघायला मिळतात.